म्हातारीच्या वाट्याची हवा

आम्हाला इंदिरा नगरातली जागा मिळाली ती एका बादलीवर.

बादलीवर कशी, म्हणाल. सांगते. आमचे हे हवाई दलातून निवृत्त झाले आणि अमौसीला विमानतळावर नोकरीला लागले. सरकारी क्वार्टर सोडायचं होतं, म्हणून आम्ही भाड्याची जागा शोधत उन्हातान्हाचे फिरत होतो. लखनौत मराठी घरमालक मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. कुणीतरी सांगितलं, मानक नगरच्या रेल्वेच्या संशोधन कचेरीतून निवृत्त झालेले एक मराठी साहेब आहेत, खाली एकटेच राहतात, वरचा मजला रिकामा आहे. गेलो. दार उघडलं एका उंच, किडकिडीत माणसाने. खिशाला लाल पेन्सिल, चष्मा कपाळावर. यांनी नोकरी, गाव, ओळखीपाळखी सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून यांना थांबवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "वहिनी, दिवसाला एकच बादली पाणी मिळालं, तर चार माणसांचं कसं भागवाल?"

मी मिरजेच्या पूर्वेकडची. आमच्याकडे आड उन्हाळ्यात तळ दाखवायचा. हा प्रश्न मला? मी उभ्या उभ्याच सुरू केलं. प्यायचं आधी बाजूला काढायचं. मग तांदूळ धुवायचे, त्या पाण्यात भाजी. भांडी राखेने कोरडी घासायची आणि भाजीच्या पाण्यातून नुसती काढायची. उरेल ते झाडाला. आंघोळ म्हणाल तर ओला पंचा फिरवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं.

"जागा तुमची," ते म्हणाले. भाड्याचा आकडा आम्हालाच आठवण करून विचारावा लागला.

जिना उतरताना हे म्हणाले, "इथे पाण्याची बोंब दिसतेय." बोंब कसली! नळाला धो धो पाणी. आम्ही राहायला आलो, पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "भाऊ, पाणी तर चांगलं येतंय. मग बादलीचं का विचारलंत?"

"ते इथलं नव्हतं," ते म्हणाले. "मंगळावरचं होतं."

तर असे आमचे भाऊ. त्यांच्या डोक्यावर आम्ही बावीस वर्षं राहिलो.

त्यांच्याकडे दोन कपाटं पुस्तकं होती, आणि सगळी एकाच गोष्टीची: माणसं मंगळावर राहायला जातात. इंग्रजी, हिंदी, मराठी, काही तर पार पानं सुटलेली. नुसतं जाऊन परत येणारी पुस्तकं ते घ्यायचे नाहीत. "ती सहल झाली," म्हणायचे. "मला बिऱ्हाड करणारे पाहिजेत. ज्यांना तिथे रोज सकाळी उठून चूल पेटवायचीय." पुस्तक वाचून झालं की शेवटच्या पानावर लाल पेन्सिलीने निकाल. 'नापास. पाणी कुठून आणलं ते सांगितलेलं नाही.' 'काठावर पास. दोनशे माणसं जेवतात, भांडी कोण घासतं?' एकावर नुसतंच 'छे!'

माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं मी पुड्यांच्या कागदांवर शिकले. किराणा आला की आधी पुडी वाचायची, मग डाळ डब्यात. भाऊंना हे कळल्यापासून हिंदी-मराठी पुस्तकं वर येऊ लागली आणि माझंही मत विचारलं जाऊ लागलं. एकदा मी म्हटलं, "पुस्तक बरंय, पण या वस्तीत लोणचं घालायला कुणालाच सुचत नाही?" त्यांनी गंभीरपणे शेवटच्या पानावर लिहिलं, 'वहिनींचा आक्षेप रास्त.'

नोकरीत त्यांनी जन्मभर रेल्वेचे ब्रेक तपासले होते. त्यामुळे त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "गाडी पळते हे कुणीही सांगेल. थांबते का, ते विचारा." हे ते रॉकेटबद्दल म्हणायचे, दुधवाल्याच्या स्कूटरबद्दल म्हणायचे, आणि आमच्या मुलीला स्थळ आलं तेव्हा मुलाचे वडील "हमारा लड़का बहुत आगे जाएगा" म्हणाले, तर भाऊंनी त्यांनाही विचारलं, "रुकेगा कहाँ?" मी पदराआड तोंड लपवलं. पण जावई चांगला निघाला. वेळेवर घरी येतो.

एकदा थंडीत त्यांनी ठरवलं, गच्चीवरच्या खोलीत आठ दिवस राहून बघायचं. सरावाला. सातूचं पीठ, गूळ, शेंगदाणे, मोजून पाणी. दार आतून बंद. मी म्हणजे पृथ्वी. बोलायचं नाही, दाराखालून चिठ्ठी सरकवायची, आणि त्यांचं उत्तर वीस मिनिटांनी येणार, कारण तिथून निरोप यायला तेवढा वेळ लागतो म्हणे. पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'संध्याकाळी आमटी पाठवू का?' वीस मिनिटं मी जिन्यावर कुडकुडत बसले. उत्तर आलं, 'मंगळावर आमटी पाठवता येत नाही.' दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'बंगळूरहून तुमच्या मुलीचा फोन आला होता.' वीस मिनिटांनी, 'काय म्हणाली?' मी लिहिलं, 'बाबा कुठे आहेत.' वीस मिनिटांनी, 'मग काय सांगितलंत?' हे खालून ओरडले, "अगं, दार वाजव आणि सांगून टाक!"

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत मक्खन-मलाईवाला आला. तुम्ही इकडची थंडी पाहिली नसेल तर सांगते, दूध रात्रभर दवात ठेवून पहाटे घुसळतात, त्याचा वरचा फेस, केशराचा, तोंडात टाकला की गेला. त्याने कोपऱ्यावरून हाक दिली, "मक्खन-मलाईऽऽ!" आणि वर कडी वाजली. भाऊ बनियनवर, हातात वाटी, जिन्यावरून धाडधाड खाली. दोन वाट्या खाल्ल्यावर लाल पेन्सिल काढून वहीत लिहिलं, 'फेरीवाल्याची हाक. याचा विचार एकाही लेखकाने केलेला नाही.'

गल्लीत त्यांना 'मंगलवाले बाबूजी' म्हणत. जेठ महिन्यातल्या बड्या मंगळवारी लखनौत चौकाचौकात मारुतीच्या नावाने भंडारे लागतात, पुरी-भाजी, सरबत, येईल त्याला वाटायचं. भाऊ दर मंगळवारी वही घेऊन हजर. किती कणिक, किती पाणी, किती माणसं. आमच्या चौकातला हलवाई वैतागून म्हणाला, "बाबूजी, इतना हिसाब करोगे तो बजरंगबली बुरा मान जाएँगे. आटा आँख से नापा जाता है." भाऊंनी ते लिहून घेतलं. मला म्हणाले, "हा माणूस न्यायलाच हवा."

पण नेमकी ती आँखच गेली हो.

एक डोळा काचबिंदूने आधीच गेलेला होता. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, सोपं आहे. भाऊ म्हणाले, "सोपं आहे दोन डोळेवाल्यांना. माझ्याकडे सुटा भाग नाही." एक वर्ष ढकललं, दुसरं ढकललं. मग अक्षरं दिसेनात. भिंत धरून चालू लागले. त्यांची मुलगी बंगळूरला. तिचा रोज मला फोन, "काकू, तुम्हीच बाबांना तयार करा ना. तुमचं ऐकतात." ऐकतात कसले! मी विषय काढला की, "वहिनी, आज दोडका आहे का?"

त्या काळात मी त्यांना वाचून दाखवू लागले. रोज चार वाजता, खालच्या व्हरांड्यात. अमीनाबादच्या रद्दीतून त्यांनी पूर्वी आणलेलं एक जाडजूड पुस्तक वाचायचं राहिलं होतं. हिंदी भाषांतर, मूळ कुठल्या भाषेतलं कोण जाणे. वरचं पान फाटलेलं, म्हणजे नावही नाही. भाऊंची अट एकच, हिंदी वाचत वाचत मराठी करून सांगायचं. "वस्तीत आपलं एक तरी घर असू दे," म्हणाले.

वही लिहिता येईना, म्हणून त्यांनी एका वाटीत राजमा घेतला. वस्तीतलं एक माणूस म्हणजे एक दाणा. पुस्तकात माणसं मंगळावर उतरली तीस, तिथे दोन बाळं झाली, वाटीत बत्तीस दाणे. प्रत्येकाला दिवसाला हवेचं एक नळकांडं. मी वाचायची, ते वाटीत बोटं फिरवत बसायचे, जपमाळ ओढावी तसे.

त्या बत्तिसांत एक म्हातारी होती. पाण्याचं यंत्र दुरुस्त करणारी, तोंडाने फटकळ. भाऊंचा तिच्यावर फार जीव. "आपली म्हातारी काय म्हणते आज?" इथूनच वाचन सुरू व्हायचं. पुढे तिच्या पोटात दुखायला लागलं, ऑपरेशन ठरलं, आणि तिथे प्रकरण संपलं. भाऊंनी वाटीतला एक दाणा चिमटीत धरला. मग म्हणाले, "वहिनी, उद्या म्हातारी धड उठली ना, तर मीही डॉक्टरला हो म्हणतो."

मी त्याच संध्याकाळी मुलीला फोन केला. ती तिकडे रडायलाच लागली आनंदाने.

दुसऱ्या दिवशी चारला मी पान उलटलं. धुळीचं वादळ आलं, सूर्यावर वीज करणाऱ्या पाट्या झाकल्या गेल्या, ऑपरेशन चालू असताना वीज गेली. आणि म्हातारी गेली.

एवढं मी मनातच वाचलं. समोर भाऊ, मान पुढे काढून, तो पांढरा पडलेला डोळा माझ्याकडे लावून. "उठली का?"

खरं सांगते, मी विचार केलाच नाही. तोंडातून निघून गेलं, "उठली. आणि चहा मागितला."

भाऊ असे हसले की काय सांगू. त्याच दिवशी डॉक्टरला फोन झाला. पुढच्या गुरुवारची तारीख.

आता खरी पंचाईत. माझी म्हातारी जिवंत, पण पुस्तकात दीडशे पानं शिल्लक आणि तिच्याशी कुणी एक अक्षर बोलत नाही! मला मधे मधे तिला आणावं लागायचं. 'म्हातारी कोपऱ्यात बसून होती.' 'म्हातारीने मान हलवली.' एवढ्यावर भागवायचं ना? पण माझी जीभ कुठली ऐकते! एके दिवशी तिने वस्तीच्या पुढाऱ्याला झापलं, एके दिवशी बाळंतिणीला डिंकाचे लाडू सांगितले. रात्री जेवताना हे म्हणाले, "आज म्हातारीने थालीपीठ लावलं म्हणे. मंगळावर भाजणी कुठून आली?"

म्हटलं, "तुम्ही पेपर वाचत होतात ना?"

"होतो. पण तुझ्या म्हातारीपुढे पेपर कसला चालतो!" मग म्हणाले, "सांभाळ हं. तो माणूस ब्रेक तपासणारा आहे."

बुधवारी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, मी आपली वाचत होते. पुढारी कोठारात जातो, रिकामी नळकांडी मोजतो. मी वाचलं, "रोजच्याप्रमाणे एकतीस."

"किती?"

"एकतीस." बोलून गेले, मग जीभ चावली.

भाऊंनी वाटी मांडीवर घेतली. एक एक दाणा दुसऱ्या वाटीत टाकला. टक, टक, टक. मला वाटलं, जमीन दुभंगावी. सगळे दाणे परत एकदा मोजले. मग म्हणाले, "वहिनी, एक माणूस जास्त श्वास घेतंय."

"छपाईची चूक असेल," मी म्हटलं.

"छपाईची चूक चहा मागत नाही."

मी पुस्तक मिटलं. शेवटी सगळं सांगितलं. तुम्ही ऑपरेशन टाळाल, मुलगी तिकडे जीव टांगून बसलीय, म्हातारीचं मरण वाचून दाखवणं माझ्याच्याने होईना, म्हणून. त्यांनी मला चांगलं रागवावं असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "ते पान काढा. जसं आहे तसं वाचा."

वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मला वाटलं, गेलं सगळं. उद्याचा गुरुवार गेला, तो डोळाही गेला, आणि आता हा माणूस माझ्याकडून एक ओळ वाचून घेणार नाही.

मग भाऊ ताडकन उभे राहिले. "गाढव लेकाचे!" ओरडले. "वीज गेली तर दुसरी सोयच नाही? आणि पोट फाडायला निघाले? वहिनी, म्हातारी ऑपरेशनने नाही मेली. दुसरा ब्रेक नव्हता म्हणून मेली!" भिंत धरून दोन फेऱ्या मारल्या. "उद्या सकाळी लवकर निघू. मला त्यांचा जनरेटर बघायचाय."

बघायचाय म्हणे, आणि दिसत काय होतं? गुरुवारी सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं. भाऊ म्हणाले, "पहले जनरेटर दिखाइए."

"बाबूजी, मरीज आप हैं कि जनरेटर?"

"बेटा, बिजली गई तो अपने आप चालू होता है, या कोई जाकर चालू करता है? कितने सेकंड में?"

तिने वैतागून एका माणसाला बोलावलं. तो म्हणाला, "अरे बाबूजी, सब बढ़िया है, आप टेंशन न लें." भाऊ म्हणाले, "बढ़िया कितने सेकंड का होता है?" मागे रांग लागलेली, आमचे हे मी त्या गावचाच नाही अशा चेहऱ्याने उभे. आणि काय सांगू, तेवढ्यात खरंच वीज गेली! आपलं लखनौ ते लखनौच. सगळे 'अरे, अरे' करायला लागले. एकटे भाऊ बोटं मोजत होते. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला मागे कुठेतरी घरघर झाली आणि दिवे आले.

"पाच सेकंद," भाऊ म्हणाले. "थांबते गाडी. चला." आणि स्वतःच पुढे निघाले, चुकीच्या दाराकडे. मी हाताला धरून वळवलं.

डोळा आला. उत्तम आला. पट्टी काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही म्हाताऱ्या झालात." म्हटलं, "तुमच्यासाठी म्हाताऱ्या सांभाळता सांभाळता झाले."

डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली त्या दिवशी ते चारला व्हरांड्यात आले ते वाटी, वही आणि लाल पेन्सिल घेऊन. मरणाचं ते पान स्वतः वाचलं. त्या बुधवारी म्हातारीचा म्हणून बाहेर काढून ठेवलेला बत्तिसावा दाणा परत वाटीत टाकला. "तुम्ही तिला वाचवलंत हे बरं केलंत," म्हणाले. "पण तिच्या हवेची सोय न करता वाचवलंत. हे काही बरोबर नाही. एकतीस नळकांड्यांत बत्तीस माणसं बसवायची. प्रत्येकाने रोज पाऊण तासाची हवा सोडली तर बसतात."

"म्हणजे पाऊण तास श्वास घ्यायचा नाही?"

"घ्यायचा. बोलायचं नाही. बोलण्यात फार हवा जाते. आणि आपणही त्या वस्तीतलेच."

"माझ्याच्याने नाही व्हायचं, भाऊ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वहीत काहीतरी खोडून नवीन आकडा लिहिला. "तुम्ही बोला. तुमचा पाऊण तास माझ्याकडे लावतो. माझा पाऊण, तुमचा पाऊण. दीड तास."

मला वाटलं, थट्टा. पण दुसऱ्या दिवसापासून हा माणूस चार ते साडेपाच एक शब्द बोलेना. खुर्चीत बसायचे, हात मांडीवर, नवा डोळा समोरच्या कडुनिंबावर. मी वाचायची, बडबडायची, भाजी निवडायची. गल्लीतले लोक येता-जाता हात जोडायचे. "मंगलवाले बाबूजी का मौन है," म्हणायचे. मिठाईवाला प्रसाद ठेवून जायचा. मी कुणालाही सांगितलं नाही की इथे व्रत-बित काही नाही, एका म्हातारीला श्वास पुरवणं चाललंय. साडेपाच वाजले की ते घसा खाकरून म्हणायचे, "हं. जगली आजची." आणि मग चहा.

सहा वर्षं असं चाललं. एक दिवस खंड नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी भाऊ झोपेतच गेले. कुणाला त्रास नाही, धक्का नाही, स्टेशनात गाडी लागावी तसे थांबले. मुलीने पुस्तकं मला दिली, वाटीही दिली. बत्तीस दाणे आहेत. मी मोजले.

तेव्हापासून दोन्ही पाऊण तास माझ्याकडे आलेत. चार वाजले की मी व्हरांड्यात त्यांच्या खुर्चीत बसते, तोंड मिटून. खोटं कशाला सांगू, दहा मिनिटं जमतात, फार तर बारा. हे वरून घड्याळ बघून म्हणतात, "म्हातारी संकटात आहे आज." तेवढं तरी मी न बोलता गिळते. पण मग कॉलेजातून नात येते. मला अशी गप्प बघते आणि घाबरून पर्स टाकून धावते. "आजी! आप ठीक तो हो ना? बोल क्यों नहीं रही हो?"

आता तुम्हीच सांगा, एवढ्या काळजीने विचारल्यावर पोरीला उत्तर द्यायला नको? आणि उत्तर द्यायचं म्हटलं, की बादलीपासून सुरुवात करावी लागते.